जळलेला भाग आणि बिघडलेला भाग

बंद टीव्ही दुकानात येतो. मागचे कव्हर निघते, पॉवर सप्लायवर काळवंडलेला मॉस्फेट दिसतो. तसाच नवा आणून घातला जातो, स्विच दाबला जातो आणि ठाप्‌कन आवाज होऊन नवाही जातो. टीव्ही दुरुस्तीच्या धंद्यात हा प्रकार इतका नेहमीचा आहे की काही मेकॅनिक आता पॉवर सप्लाय दुरुस्त करायच्या भानगडीतच पडत नाहीत, सरळ बोर्ड बदला म्हणतात. ह्या सप्लायमध्ये जो भाग जळालेला दिसतो तो बहुतेक वेळा मूळ बिघाड नसतोच. कुठेतरी कोपऱ्यात दहा रुपयांचा कंडेन्सर सुकलेला असतो किंवा एखादा रेझिस्टर आतून तुटलेला असतो, आणि त्याचे परिणाम भोगून मोठा भाग गेलेला असतो. म्हणून काय जळले ह्यापेक्षा का जळले हा प्रश्न आधी सोडवावा, आणि तो सुटेपर्यंत सोल्डरिंग आयर्नला हात लावू नये, असे माझे ठाम मत आहे.

त्यासाठी हा सप्लाय चालतो कसा ते डोळ्यांपुढे हवे. सॉकेटमधून २३० व्होल्ट एसी येतो. एलईडी टीव्हीच्या मेनबोर्डला ५ आणि १२ व्होल्ट डीसी लागतो, बॅकलाइटच्या पट्ट्यांना त्याहून बराच जास्त. जुन्या पिक्चर ट्यूबच्या रंगीत सेटमध्ये लाइन आउटपुटसाठी ११० ते १३० व्होल्ट लागत. व्होल्टेज उतरवायचे साधे काम ५० हर्ट्‌झचा लोखंडी ट्रान्सफॉर्मर करू शकतो, पण तो जड असतो, त्याच्या पुढचा रेग्युलेटर तापतो, आणि लाइनचे व्होल्टेज पडले की चित्रही आक्रसते. १९७२ मध्ये मुंबई दूरदर्शन सुरू झाले. त्यानंतर घरोघरी आलेल्या कृष्णधवल सेटच्या शेजारी स्टॅबिलायझरचा डबा असायचा तो ह्याच कारणाने. तो डबा हटवला एसएमपीएसने, म्हणजे स्विचिंग करणाऱ्या पॉवर सप्लायने. आजच्या सेटच्या मागच्या लेबलवर १०० ते २४० व्होल्ट असे सरळ लिहिलेले असते.

एसएमपीएस सुरुवात उलट्या बाजूने करतो. आलेला एसी आधी ब्रिजच्या चार डायोडमधून नेऊन मोठ्या कंडेन्सरवर डीसी करून घेतो. २३० ला १.४१४ ने गुणले की ३२५ येतात, म्हणून त्या कंडेन्सरवर साधारण ३०० ते ३२५ व्होल्ट मिळतात. हा डीसी मग एक मॉस्फेट सेकंदाला साठ-सत्तर हजार वेळा जोडतो आणि तोडतो. मॉस्फेट चालू असताना चॉपर ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात ऊर्जा साठते, बंद झाला की ती दुसऱ्या बाजूच्या डायोडमधून बाहेर पडते. हौद मोठ्या पिंपाने चार खेपांत भरा की तांब्याने भराभर हजारो खेपांत भरा, पाणी तितकेच. तांब्याला मात्र जागा थोडी पुरते. म्हणून मुठीत मावणारा फेराइटचा ट्रान्सफॉर्मर अख्ख्या टीव्हीला पुरतो.

किती वेळ चालू आणि किती वेळ बंद हे पीडब्ल्यूएम आयसी ठरवतो. बाहेरच्या १२ व्होल्टवर टीएल४३१ नावाचा तीन पायांचा भाग नजर ठेवून असतो. त्याच्याकडे २.५ व्होल्टचे स्वतःचे माप असते. व्होल्टेज वर सरकले की तो पीसी८१७ सारख्या ऑप्टोकपलरमधला एलईडी जास्त पेटवतो, प्रकाश पलीकडच्या ट्रान्झिस्टरवर पडतो आणि आयसी पुरवठा आवरता घेतो. ही सगळी साखळी गोल आहे. एक कडी निसटली की बाकीच्या निरोगी कड्याही चुकीच्या वागू लागतात, आणि सप्लायचा बिघाड शोधणे अवघड होते ते ह्यामुळेच.

हात घालण्याआधी धोक्याचे बोलले पाहिजे, आणि ते सविस्तर. चालू टीव्ही बंद केला की मोठ्या कंडेन्सरवरचा चार्ज सप्लाय स्वतःच काही सेकंदांत वापरून टाकतो. पण सप्लाय डेड असेल तर तो चार्ज ओढणारे कोणी उरत नाही. प्लग काढून ठेवलेल्या बंद सेटमध्ये बऱ्याच वेळानंतरही ३०० व्होल्ट तसेच बसलेले सापडतात. म्हणजे चालणाऱ्या सेटपेक्षा बिघडलेला सेट जास्त धोक्याचा. १०० मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरवर ३२५ व्होल्ट म्हणजे ५ ज्यूलहून थोडी अधिक ऊर्जा. हाताला चटका, स्नायूला झटका आणि झटक्याने हात मागे येताना पत्र्याने कापणे, इतके व्हायला ती पुरते. छातीतून गेली तर त्याहून वाईट. स्क्रूड्रायव्हर आडवा धरून ठिणगी काढायची सवय पुष्कळांना असते. त्यात कंडेन्सरच्या आतली जोडणी दुखावते, ट्रॅक उडतो, डोळ्यांत कण जातो. २.२ किलोओहम, १० वॉटचा सिमेंट रेझिस्टर घ्यावा, त्याला इन्सुलेशन केलेल्या दोन वायरी जोडाव्यात आणि तो दोन-तीन सेकंद कंडेन्सरवर धरावा. मग मीटर लावून शून्य दिसल्याची खात्री करावी. खात्री केल्याशिवाय बोट नाही.

दुसरा धोका ग्राउंडचा. ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडची बाजू थेट लाइनशी जोडलेली असते, तिचे ग्राउंड ते हॉट ग्राउंड. पलीकडचे, ज्याला टीव्हीचा पत्रा, एचडीएमआयचे कवच वगैरे जोडलेले असते, ते कोल्ड. बोर्डवर बहुधा ह्या दोन्हींच्या मधून छापील रेघ गेलेली दिसते, काही बोर्डांत खाचच कापलेली असते. अलीकडची मापे घेताना मीटरचा काळा प्रोब मोठ्या कंडेन्सरच्या निगेटिव्हवर, पलीकडची घेताना पत्र्यावर. ही अदलाबदल झाली की मीटर काहीतरी भलतेच दाखवतो, आणि त्या भलत्या आकड्यावर विश्वास ठेवून चांगले भाग काढले जातात. ऑसिलोस्कोपची अर्थ क्लिप हॉट ग्राउंडला लावली तर भडकाच उडतो. अलीकडच्या, म्हणजे प्राथमिक बाजूवर काम करणाऱ्याकडे एकास एक आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असलाच पाहिजे. ज्यांच्याकडे ही साधने नाहीत, ज्यांनी मेन्सवर काम कधी केलेले नाही, त्यांनी सेट उघडूच नये. त्यांना बाहेरून जे दिसते-ऐकू येते तेही मेकॅनिकच्या फार उपयोगाचे असते: स्टँडबायचा लाल दिवा लागतो का, आतून टिक-टिक ऐकू येते का, थंडीत सेट उशिरा लागायचा का, बंद पडला त्या दिवशी लाइट कमी-जास्त झाली होती का, वळवाच्या पावसात वीज कडाडली होती का. गिऱ्हाइकाने एवढे नीट सांगितले तरी अर्धा शोध सेट उघडण्याआधीच लागतो.

आता सिरीज बल्ब. टीव्ही दुरुस्तीच्या बाकावर ह्याच्याइतके स्वस्त आणि ह्याच्याइतके राखणदार साधन दुसरे नाही. फेजच्या वाटेत १०० वॉटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब आणि त्याच्यापुढे टीव्ही. थंड असताना ह्या बल्बच्या तारेचा रोध ४० ओहमच्या आसपास असतो, पूर्ण पेटल्यावर तोच ५२९ ओहम होतो. आत शॉर्ट असेल तर सगळे २३० व्होल्ट बल्बवर पडतात, तो लख्ख पेटतो, पण करंट अर्ध्या अँपिअरच्या आतच राहतो. नवा मॉस्फेट वाचतो. आत सगळे ठीक असेल तर मोठा कंडेन्सर चार्ज होताना बल्ब क्षणभर उजळतो आणि विझल्यासारखा होतो. तिसराही प्रकार आहे: बल्ब मंद उजळतो, मावळतो, पुन्हा उजळतो. सप्लाय उठायचा प्रयत्न करतोय आणि कोणीतरी त्याला बसवतेय, असा त्याचा अर्थ. मोठ्या सेटला १०० वॉटचा बल्ब अपुरा पडतो आणि चांगला सप्लायही असा धापा टाकताना दिसतो. तिथे २०० वॉटचा लावावा. एलईडी बल्ब मात्र ह्या कामाला चालत नाही. त्याच्या पोटात स्वतःचेच सर्किट असते, तारेसारखा त्याचा रोध तापून वाढत नाही. बाजारातून तारेचे बल्ब कमी होत चालले आहेत, तेव्हा मिळतील तेव्हा चार घेऊन ठेवावेत.

शोध सुरू होतो फ्यूजपासून. काचेचा फ्यूज काढून भिंगाखाली धरा. काच स्वच्छ असेल आणि तार मध्येच तुटून तिची टोके गोळीसारखी झाली असतील, तर तो बेताच्या जादा करंटने किंवा नुसत्या वयाने गेला. प्रत्येक वेळी सेट चालू करताना रिकाम्या कंडेन्सरकडे धावणारा करंट त्या तारेला थकवत असतो. असा फ्यूज बदलून सेट चालू झाला आणि राहिला, असे होऊ शकते. पण काच आतून काळी किंवा चंदेरी झाली असेल, तार जागेवर शिल्लकच नसेल, तर तिथे कडक शॉर्ट झाला होता. तार वितळली नाही, तिची वाफ झाली. अशा सेटमध्ये नुसता फ्यूज बदलणे म्हणजे दुसरा फ्यूज वाया घालवणे. फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळणे तर त्याहून वाईट. मग फ्यूजचे काम बोर्डचा ट्रॅक करतो, किंवा घराची वायरिंग.

फ्यूज काळा असेल तर पहिली नजर त्याच्या शेजारच्या चकतीवर. बटणाएवढा चपटा व्हॅरिस्टर तिथे असतो, बहुतेकदा त्यावर १४डी४७१ असे छापलेले असते. ४७० व्होल्टच्या पुढे गेले की तो स्वतः वाहू लागतो आणि फ्यूज उडवून पुढच्यांना वाचवतो. तो फुटून तडकलेला आणि पुढचे ब्रिज, मॉस्फेट शाबूत, असे दिसले तर बाहेरून जादा व्होल्टेज आले होते हे नक्की. आपल्याकडे त्याचे नेहमीचे कारण म्हणजे न्यूट्रल तुटणे. तीन फेजच्या लाइनवर न्यूट्रल सुटला की दोन घरे दोन फेजच्या मध्ये एकापुढे एक टांगली जातात, ४०० व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात, आणि ज्या घरात कमी उपकरणे चालू असतात तिथे व्होल्टेज जास्त चढते. एकाच गल्लीत एकाच संध्याकाळी चार टीव्ही गेले तर टीव्हीत कारण शोधू नये. व्हॅरिस्टर फुटलेला काढून जागा तशीच रिकामी ठेवली तरी सेट चालतो, पण पुढच्या वेळी त्याच्या बदली मोठा कंडेन्सर फुटेल. तसाच नवा बसवावा.

व्हॅरिस्टर चांगला असेल तर मीटर डायोड रेंजवर ठेवून ब्रिजचे चार डायोड तपासा. सरळ दिशेने अर्ध्या व्होल्टच्या आसपास, उलट काहीच नाही. मग मॉस्फेटचा ड्रेन आणि सोर्स. दोन्ही दिशांनी बीप वाजली तर मॉस्फेट शॉर्ट. इथेच थांबून तो बदलला, की सुरुवातीला सांगितलेला ठाप आवाज येतो. शॉर्ट झालेल्या मॉस्फेटमधून ३०० व्होल्ट गेटवर येतात, गेटचा रेझिस्टर जाळून आयसीच्या पायापर्यंत पोहोचतात. सोर्सखाली अर्ध्या ओहमहून कमी मापाचा करंट मोजणारा रेझिस्टर असतो, तो उघडा पडतो. मॉस्फेट गेला की गेट रेझिस्टर, सोर्स रेझिस्टर, गेटवरचा झेनर आणि आयसी हे चौघेही संशयित. आयसीची किंमत ती काय, तो मॉस्फेटबरोबरच बदलावा.

आणि तरीही 'का' शिल्लक राहतेच. मॉस्फेट बंद होतो त्या क्षणी ट्रान्सफॉर्मरच्या गळतीच्या इंडक्टन्समुळे ड्रेनवर मोठी उसळी येते. मॉस्फेट ६०० किंवा ६५० व्होल्टचा, आणि उसळी थोपवायला त्याच्याजवळ एक रेझिस्टर, एक कंडेन्सर आणि एक वेगवान डायोड असे तिघांचे स्नबर. ह्यातला कंडेन्सर उघडा पडला की उसळी ६५० च्या पुढे जाते आणि नवा मॉस्फेट किती महागाचा आहे ह्याचा उपयोग नाही. स्नबरमधला डायोड बदलताना हाताशी आहे म्हणून १एन४००७ लावला जातो. दिसायला तो सारखाच. पण वाहणे थांबवायला त्याला काही मायक्रोसेकंद लागतात आणि सप्लायचे अख्खे एक आवर्तन १५ मायक्रोसेकंदांचे असते. तो तापून मरतो. यूएफ४००७ हेच काम ७५ नॅनोसेकंदांत करतो. कमी व्होल्टेजही मॉस्फेटला मारते, हे पुष्कळांना पटत नाही. टीव्हीला लागणारे वॉट तेवढेच राहतात, त्यामुळे गावाकडे लाइन १६० व्होल्टवर आली की सप्लाय जास्त करंट ओढून ते वॉट भरून काढतो, आणि मॉस्फेट तापत राहतो. हीटसिंकचा स्क्रू सैल असेल किंवा मधली पेस्ट सुकून पावडर झाली असेल तर मग वेळ लागत नाही.

फ्यूज चांगला, तरी सेट डेड, ही केस मला सगळ्यांत आवडते. इथे काही जळलेले नसते, डोळ्यांना काही दिसत नाही, सगळे विचारावर चालते. आधी मोठ्या कंडेन्सरवर मापा. काहीच नसेल तर वाट अलीकडे कुठेतरी तुटली: सुरुवातीचा करंट आवरणारा एनटीसी तडकला, सिमेंट रेझिस्टर उघडा पडला, किंवा जड भागांच्या पायाभोवती सोल्डरला केसाएवढी गोल भेग पडली. ही भेग नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, तिरक्या उजेडात भिंगातून दिसते. चॉपर ट्रान्सफॉर्मर, हीटसिंकवरचे भाग, पॉवर केबलचा कनेक्टर ह्या जागा आधी बघाव्यात, कारण तापून-निवून हलणारे भाग हेच.

३०० व्होल्ट आहेत आणि तरी पुढे काही नाही, तर आयसीच्या व्हीसीसी, म्हणजे पुरवठ्याच्या पायावर काय आहे ते बघा. जुन्या, सर्वांच्या ओळखीच्या यूसी३८४२ चे उदाहरण घेऊ. व्हीसीसी १६ व्होल्टवर पोहोचल्याशिवाय तो जागा होत नाही, आणि जागा झाल्यावर १० च्या खाली गेले की पुन्हा झोपतो. पहिले १६ व्होल्ट त्याला ३०० व्होल्टमधून एका मोठ्या मापाच्या स्टार्टअप रेझिस्टरमार्फत थेंबाथेंबाने मिळतात. ते एका छोट्या कंडेन्सरवर साठतात. आयसी एकदा चालू झाला की ट्रान्सफॉर्मरचे एक वेगळे गुंडाळे त्याला पोसू लागते. ह्या व्यवस्थेत दोनच कच्चे दुवे आहेत, आणि बहुतांश 'फ्यूज चांगला, सेट डेड' त्यांच्यापाशी येऊन थांबतात.

पहिला स्टार्टअप रेझिस्टर. त्याच्या अंगावर सतत ३०० व्होल्ट असतात, आणि पाव वॉटचा सामान्य रेझिस्टर साधारण २५० व्होल्टसाठीच बनवलेला असतो. म्हणून चांगल्या बोर्डवर दोन-तीन रेझिस्टर एकापुढे एक लावलेले दिसतात. वर्षानुवर्षे हा ताण सोसून त्याचे माप वाढत जाते आणि एक दिवस तो उघडा पडतो. बाहेरून रंग तसाच, पट्ट्या तशाच. व्हीसीसीवर शून्य किंवा दोन-तीन व्होल्ट दिसले की ह्याचे एक टोक काढून मापायचे. नव्या आयसींमध्ये ही सोय आतच असते, तिथे हा रेझिस्टर शोधत बसू नये.

दुसरा तो छोटा कंडेन्सर, २२ किंवा ४७ मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचा. बोर्ड आखणाऱ्याने त्याला बऱ्याचदा हीटसिंकच्या सावलीत बसवलेले असते, आणि तिथे तो भाजून सुकतो. मग काय होते? १६ व्होल्ट होतात, आयसी जागा होतो, पण साठा इतका तोकडा की गुंडाळ्याची मदत पोहोचण्याआधीच व्होल्टेज १० च्या खाली. आयसी झोपतो. पुन्हा थेंब थेंब साठतात, पुन्हा जाग, पुन्हा झोप. कान लावला तर टिक, टिक, टिक. मीटरचा आकडा १० ते १६ मध्ये झोके घेतो. हे चित्र एकदा पाहिले की विसरत नाही.

अडचण अशी, की पलीकडच्या, म्हणजे दुय्यम बाजूला शॉर्ट असला तरी हुबेहूब हेच चित्र दिसते. बाहेर शॉर्ट असेल तर पोसणाऱ्या गुंडाळ्यातही व्होल्टेज येत नाही, आणि आयसी तसाच उपाशी राहतो. दोन्ही वेगळे करायचे तर प्लग काढून, डिस्चार्ज करून, दुय्यम बाजूच्या डायोडवर मीटर ठेवा. शॉटकी डायोड सरळ दिशेने दोन-तीन दशांश व्होल्ट दाखवतो. दोन्ही दिशांनी शून्य म्हणजे तोच शॉर्ट. डायोड ठीक असतील तर लोड तोडा. एलईडी टीव्हीत मेनबोर्डकडे जाणारा कनेक्टर काढला की झाले. स्टँडबायचे ५ व्होल्ट स्थिर आले, तर बहुतेक सेटमध्ये पीएस-ऑन पायाला त्याच ५ व्होल्टमधून एक किलोओहम लावून मुख्य सप्लाय चालू करून बघता येतो. १२ व्होल्ट आले, टिकले, तर पॉवर सप्लायला दोष देऊ नये. शॉर्ट मेनबोर्डवर आहे. पिक्चर ट्यूबच्या सेटमध्ये लाइन आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट होणे हे टिक-टिकचे ठरलेले कारण. तिथे लाइन सेक्शन तोडून बी प्लसवर, म्हणजे लाइन आउटपुटच्या पुरवठ्यावर, ६० वॉटचा बल्ब लोड म्हणून लावायचा. बल्ब मंद पेटला आणि ११०-११५ व्होल्ट जागेवर राहिले, की सप्लाय निर्दोष.

बॅकलाइटचा घोटाळाही इथेच मिटवलेला बरा. चित्र एक-दोन सेकंद दिसते आणि पडदा काळा होतो, आवाज मात्र चालू राहतो. गिऱ्हाईक सांगतो पॉवर जाते. अंधारात पडद्यावर तिरका टॉर्च मारा. पुसट चित्र हलताना दिसले तर मेनबोर्ड, पॅनेल सगळे जिवंत आहे, फक्त मागचा उजेड गेला. एलईडी पट्टीतला एक एलईडी उघडा पडला तरी अख्खी माळ तुटते. ड्रायव्हर व्होल्टेज चढवून बघतो, मर्यादा ओलांडली हे कळल्यावर स्वतःला बंद करतो. त्याने बरोबरच केले. असा सेट हातात घेऊन पॉवर सप्लायचे भाग बदलत बसणारे लोक आहेत.

कंडेन्सरविषयी थोडे आणखी, कारण एकूण बिघाडांत मोठा वाटा त्यांचा. डोके फुगले, तळातून चिकट पाणी आले तर प्रश्नच नाही. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत सदोष इलेक्ट्रोलाइटच्या कंडेन्सरांनी जगभरचे मॉनिटर आणि टीव्ही असेच फुगवले. पण न फुगलेला कंडेन्सरही मेलेला असू शकतो. मीटरवर १००० मायक्रोफॅरडचा तो ९०० दाखवतो आणि आपण पुढे जातो. बिघडलेला असतो त्याचा ईएसआर, म्हणजे आतला रोध. चांगल्या कंडेन्सरात तो ओहमचा काही शंभरावा भाग असतो. एक ओहम झाला की कंडेन्सर नावापुरता. मग मीटरवर १२ व्होल्ट सरासरी बरोबर दिसतात, पण त्यांच्यावर इतकी लहर असते की मेनबोर्ड लोगो दाखवून पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. डिसेंबरमध्ये पाच-सहा वेळा स्विच दाबावा लागतो आणि मे महिन्यात सेट पहिल्या दाबाला लागतो, ही तक्रार ऐकली की ईएसआर समजावे. थंडीत हा रोध आणखी वाढतो. हेअर ड्रायरने दुय्यम कंडेन्सरांवर थोडी ऊब दिली आणि सेट लागला, तर निदान पक्के.

ह्यांचे आयुष्य तापमानावर ठरते, दर १० अंश उतरले की साधारण दुप्पट. १०५ अंशांना २००० तासांचा कंडेन्सर ८५ अंशांवर ८००० तास, आणि ६५ वर ३२००० तास. रोज सहा तास टीव्ही चालणाऱ्या घरात हा फरक साडेतीन वर्षे आणि चौदा वर्षे असा पडतो. मागे बोटभरही जागा न ठेवता टीव्ही शोकेसच्या खणात कोंबून बसवणाऱ्यांना मी हे दोन आकडे नेहमी सांगतो.

उरला फीडबॅक. व्होल्टेज चढलेले असेल, १२ च्या जागी १५-१६ येऊन सप्लाय बंद पडत असेल, तर टीएल४३१, ऑप्टोकपलर किंवा त्यांच्या भोवतीचे रेझिस्टर बघावे लागतात. चालू सप्लायवर हे मोजणे जोखमीचे. त्यापेक्षा एक सुरेख पद्धत आहे. मेन्स पूर्ण काढून, कंडेन्सर रिकामा करून, बाकावरच्या कमी-जास्त करता येणाऱ्या डीसी सप्लायने १२ व्होल्टच्या आउटपुटवर बाहेरून व्होल्टेज द्या. मीटर ओहमवर ठेवून ऑप्टोकपलरच्या ट्रान्झिस्टरच्या दोन पायांवर धरा. १० व्होल्ट, ११ व्होल्ट: रोध जास्तच. १२ ओलांडताच तो झपकन खाली आला पाहिजे. आला, तर टीएल४३१ आणि ऑप्टोकपलर दोन्ही कामाचे आहेत, दोष आयसीकडच्या बाजूला. १४ पर्यंत गेले तरी रोध हलला नाही, तर दोष इथेच. ३०० व्होल्टच्या जवळही न जाता अर्धे सर्किट निर्दोष ठरवता येते, ह्याचे मला आजही अप्रूप वाटते. पिक्चर ट्यूबच्या सेटमध्ये बी प्लसवर एक राखणदार झेनर असे. व्होल्टेज चढले की तो स्वतः शॉर्ट होऊन लाइन ट्रान्झिस्टर वाचवायचा. तो कापून टाकला की सेट 'चालू' होतो, हे खरे. थोड्याच वेळात लाइन ट्रान्झिस्टर जातो, हेही खरे.

हॉट आणि कोल्ड बाजूंच्या मधोमध असलेला निळसर वाय कंडेन्सर मात्र हातचा म्हणून साध्या सिरॅमिकने कधीही बदलू नये. त्याच्यामुळेच दोन पिनांच्या प्लगवर चालणाऱ्या टीव्हीच्या पत्र्याला हात लागला की बारीक मुंग्या येतात. २.२ नॅनोफॅरडमधून जाणारा तो करंट ०.१६ मिलिअँपिअरच्या वर जात नाही. साधा कंडेन्सर तिथे शॉर्ट झाला तर मुंग्यांच्या जागी थेट लाइन पत्र्यावर येते, आणि केबल लावायला मागे हात घालणारा घरातलाच कोणीतरी असतो. भाग पक्के राहावेत म्हणून कारखान्यात लावलेला पिवळसर गोंदही बघावा. वर्षांनी तापून तो तपकिरी झाला की वीज वाहू देतो, भागांचे पाय कुरतडतो. खरवडून काढावा.

पूर्ण बोर्ड बदलण्याला माझा विरोध नाही. त्याच मॉडेलचा चांगला बोर्ड वाजवी किमतीत मिळत असेल तर गिऱ्हाइकाचा वेळ वाचतो. पण जुन्या बोर्डवर डकवलेले युनिव्हर्सल मॉड्यूल घालताना मूळ संरक्षणे बाजूला पडतात, आणि मूळ कारण लोडमध्ये असेल तर मॉड्यूलही त्याच वाटेने जाते. सुटे भाग घेताना कंडेन्सर १०५ अंशांचे आणि कमी ईएसआरचेच घ्यावेत. मॉस्फेटवरची छपाई नखाने पुसली गेली तर तो परत करावा.

दुरुस्ती झाल्यावर सेट लगेच देऊ नये. सिरीज बल्ब काढून, ब्राइटनेस पूर्ण ठेवून तासभर चालवावा, लोडवर १२ व्होल्ट किती उरतात ते बघावे. ७५ वॉटच्या वरच्या सेटमध्ये बहुधा पीएफसी, म्हणजे पॉवर फॅक्टर सुधारणारा भाग असतो. तिथे स्टँडबायमध्ये ३२५ असलेले मोठ्या कंडेन्सरवरचे व्होल्टेज सेट चालू होताच ३८०-४०० वर जायला हवे. नाही गेले तर पीएफसी झोपलेला आहे आणि मुख्य मॉस्फेट जादा करंट ओढून काम भागवतोय. मग रात्रभर सेट बंद ठेवून सकाळी थंड असताना एकाच दाबाला लागतो का बघावे. लागला नाही, तर दुय्यम बाजूच्या कंडेन्सरांपैकी एखादा अजून जुनाच राहिला आहे. सगळे एकदम बदलावेत.